विभूतीची बोटं

शांतव्वा : “अव्वा, ही सीडी तुझ्या देवासारखी जप.” दवाखान्यात निघताना एवढंच म्हणाला बघ माझा शशी. अंगात ताप फणफणलेला, आणि जिन्यातनं माघारी आला ही माझ्या हातात द्यायला. मी म्हटलं, आधी रिक्षात बस. तर म्हणे, कॉम्प्युटरचा काही भरवसा नाही, माझं सगळं हिच्यात आहे. जपशील ना? मी हो म्हटलं. मग गेला.

नागसेन : मलाबी फोनवर त्येच म्हणालता, काकू. सगळं उतरवून अव्वाकडं दिलंय, आता काळजी न्हाई. म्हणून तर आलो. न्हाईतर तुमाला त्रास दिला नसता.

शांतव्वा : त्रास कसला? त्याच्या मागं वर्षभरात त्याच्या मित्रांपैकी हा जिना चढून आलेला तूच पहिला. चहा ठेवते. मला सोमवार आहे, तुझा काही उपास?

नागसेन : आमाला कुठला सोमवार! पौर्णिमंला आई विहारात घेऊन जाती, तेवढंच.

शांतव्वा : मग घे. आणि कबनूरच्या त्या मुलीचं काय म्हणत होतास, ते नीट सांग.

नागसेन : अक्षता. तिचा बाप केरबा यंत्रमागावर कामाला हाय. आमच्या कॉम्प्युटर क्लासला यायची, शशा शिकवायचा तिला. त्यानं तिला शब्द दिलता, तुझ्या घरात कॉम्प्युटर आला की मी सोता येऊन लिनक्स घालून देतो. सगळा मराठीत, तुझ्या आईलाबी वाचता यील असा. आता बापानं जुना कॉम्प्युटर घेऊन दिलाय. परवा क्लासच्या दारात उभी. म्हणली, सर न्हाईत हे ठाऊक हाय मला. पर सरांनी शब्द दिलता, त्येचं काय करायचं?

शांतव्वा : असं विचारलं तिनं?

नागसेन : खाली मान घालून. मग मला न्हाई म्हणवंना. लिनक्स, म्हंजे कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो त्ये, माझ्याकडं हाय, परदेशातनं पोस्टानं फुकट येतंय. पर मराठी शब्द सगळं शशाचं. जे लोक जगभर ह्या लिनक्सचं काम करत्यात, त्यांच्याकडं ते पाठवायचं होतं. अजून थोडं राहिलंय, मग एकदमच पाठवतो, म्हणायचा.

शांतव्वा : ते शब्द आम्ही दोघांनी केलेत रे. मी भाकऱ्या थापायची आणि तो चुलीजवळ स्टूल ओढून बसायचा. कुठनं कुठनं जड जड शब्द आणायचा. मी म्हणायची, हे तुझ्या अप्पांना तरी कळेल का? दुकानातले कागद फडक्यात बांधलेले असतात, त्याला आपण काय म्हणतो? दप्तर. मग त्या फोल्डरला दप्तरच घाल की. बंद करायचं असलं तर काय लिहू, म्हणाला. मी म्हटलं, दिव्याला आपण विझव म्हणत नाही, शांत कर म्हणतो. तेच घातलं त्यानं.

नागसेन : ‘शांत करा’! क्लासमधल्या एका पोरानं विचारलंतं, सर, ह्यो चिडलाय का म्हणून.

शांतव्वा : सांगितलं होतं मला त्यानं ते. पोट धरून हसला होता. पहिल्यांदा पडद्यावर लिनक्सचा तो पेंग्विन आला तेव्हा मीही विचारलंच होतं, हे कुठल्या देवाचं वाहन? आणि फुकट म्हटल्यावर तर घाबरलेच. आपल्या घरात फुकटचं नको, म्हटलं. तेव्हा मला समजावून सांगत बसला. अव्वा, चोरीचं ते वेगळं, ते बाजारात मिळतं. हा आपल्या मठातला दासोह आहे. कुणी तांदूळ देतं, कुणी लाकडं फोडतं, आणि पंगतीला कुणीही बसावं. मग मी शब्द द्यायला लागले. माझा तेवढाच मूठभर तांदूळ.

नागसेन : आणि कॉम्प्युटर सुरू झाल्यावर जे बोलायचा त्यो?

शांतव्वा : “अव्वा, शरणार्थी.” आमच्यात नमस्काराला तेच म्हणतात. त्याचाच आवाज. तो गेल्यावरसुद्धा माझी सकाळची पूजा झाली की मी बटण दाबायची. तेवढं ऐकायची आणि शांत करायची. मग एकदा निपाणीला माहेरी गेले. परत येऊन बटण दाबलं, तर भलतंच काहीतरी वाजलं.

चन्नाप्पा : सांग की पुढं. नवऱ्यानं पुसून टाकलं म्हण. माझ्यासमोर सांग.

नागसेन : या काका, बसा. दुकान सोडून वर आलासा?

चन्नाप्पा : गिऱ्हाईक न्हाई. तू वर चढलास तवाच बघितलं. ऐक नागसेन, माझ्या पुतणीला, विद्याश्रीला, कॉलेजचं काय लिहायचं होतं. बसली हितं, तिला काय उमगंना. मी दुरुस्तीवाला बोलावला. त्यो म्हणाला, ह्यात नेहमीचं कायच न्हाई, बिघडलाय, सगळं काढून नवीन घालतो. मी म्हटलं, घाल. मला काय ठाऊक, पोरगं आत होतं.

शांतव्वा : मी काही बोलले का तुम्हाला?

चन्नाप्पा : तेच की. बोलली असतीस तर बरं झालं असतं. तवापासनं ताट वाढतीस आणि भिंतीकडं बघतीस.

नागसेन : असू दे काका. आता कशाला? सीडी हाय की. काकू, आणा. आत्ता लावू. शब्दबी निघतील आणि आवाजबी.

शांतव्वा : आवाजसुद्धा? माझ्या हे ध्यानातच आलं नाही बघ. मला वाटलं, त्याचं क्लासचं काम असेल. आणते. देवाजवळच आहे. इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाली की त्याच तळहातावर तिला घेते. विभूती भिजवलेली असतेच, तिची तीन बोटं ओढते आणि परत ठेवते. एक दिवस चुकवलं नाही. थंडीतापातसुद्धा नाही.

नागसेन : विभूती कुठल्या बाजूला लावता, काकू?

शांतव्वा : म्हणजे?

नागसेन : लिहिलंय त्या बाजूला, का चमकती त्या?

शांतव्वा : चमकत्या. तोंड दिसतं ना तिच्यात, म्हणून तीच दर्शनी. दुसऱ्या बाजूला त्याचं अक्षर आहे. तिथं कशी लावू? पुसून नाही का जाणार?

चन्नाप्पा : का रं? असं का विचारतोस?

नागसेन : काय न्हाई. जरा पाणी आणि कापूस द्या. ह्ये बघा, विभूती निघाली. खाली रेघा पडल्यात. बघू. कवाकवा चालती.

(सीडी आत सरकते. कॉम्प्युटर घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो.)

चन्नाप्पा : आलं?

नागसेन : नावं दिसाय लागली. ‘मराठी शब्द’. ‘अव्वासाठी आवाज’.

शांतव्वा : आहे? मग लाव की.

नागसेन : उघडंना, काकू.

शांतव्वा : पुन्हा लाव.

नागसेन : लावतोय. नाव येतंय, आतलं येत न्हाई. क्लासमधल्या मशीनवर बघतो. पुण्यात एक जण हाय, त्यालाबी विचारतो.

शांतव्वा : आमचं मशीन जुनं झालंय म्हणून असेल.

नागसेन : व्हय. मशीन जुनं हाय.

शांतव्वा : नागसेन, आज सोमवार आहे माझा. माझ्याशी खोटं बोलू नको, बाळा.

नागसेन : सगळं त्या चमकत्या बाजूनंच वाचायचं असतंय, काकू. राख भिजवली तरी तिच्यात बारीक कच असती. रोज घासत गेली.

शांतव्वा : म्हणजे माझ्या बोटांनी.

नागसेन : तुमाला कुणी सांगितलंच न्हाई की.

चन्नाप्पा : कसं न्हाई? देवासारखी जप म्हणून त्यानंच सांगितलं. तिनं तसंच केलं. आता कुणाला बोल लावायचा?

शांतव्वा : अहो, तुम्हाला मी इतके महिने मनात बोल लावला. तुम्ही एका दुपारी पुसलंत, न कळून. मी तर रोज आंघोळ करून, हात जोडून, थोडं थोडं पुसत होते.

चन्नाप्पा : तसं बोलू नको. बस खाली.

शांतव्वा : बसलेय.

चन्नाप्पा : मी दुकानात बसून त्याचा आवाज आठवतो, ठाऊक हाय तुला? “अप्पा, जेवायला चला,” जिन्यातनं हाक मारायचा तेवढीच येती. बाकीचं येईना झालंय. तुला काय येतंय?

शांतव्वा : शरणार्थी. अजून येतं. उद्याचं माहीत नाही.

नागसेन : मी येतो, काकू. अक्षताला समजावतो. सध्या इंग्रजीतच चालव, म्हणतो. शहाणी पोरगी हाय, ऐकंल.

शांतव्वा : तू कबनूरला कधी जाणार होतास?

नागसेन : हितनं तिकडंच. वाट बघत आसंल ती.

शांतव्वा : आणि लिनक्सची सीडी?

नागसेन : पिशवीत हाय. पर मराठी कुठनं आणू?

शांतव्वा : सगळे शब्द नाहीत मला आठवत. त्याने विचारलं की मी सांगायची आणि भाकरी उलटायची, कुठं लक्षात ठेवलं? पण दप्तर आठवतं. शांत करा आठवतं. थोडे वाटेत आठवतील, तू लिहून घे. राहतील ते त्या मुलीच्या आईला विचारू. नाव काय तिचं?

नागसेन : बायडाबाई.

शांतव्वा : बायडाबाईला विचारू. तिच्याकडेही असतील की तिचे शब्द.

चन्नाप्पा : पोटात अन्न न्हाई, आणि एसटीत उभं राहून कबनूरला निघालीस?

शांतव्वा : शशीनं दिलेला शब्द आहे तो. सीडीचा मी दिलेला तर गेलाच. संध्याकाळच्या पूजेला परत येते. तो कॉम्प्युटर तेवढा शांत करा तुम्ही. वायर ओढू नका.

चन्नाप्पा : करतो. आणि तिथं सुरू झाल्यावर? कोण बोलणार त्यात?

शांतव्वा : अक्षतालाच बोलायला लावू. आईला हाक मारताना. नागसेन, ती हाक दोन-तीन सीड्यांवर उतरवून बायडाबाईकडं दे. बोट कुठल्या बाजूला लावायचं नाही, ते मी सांगेन तिला.