कार्टमधून डावा बूट नाहीसा होण्याबाबत

जबाब देणार : वेबसाइट दुरुस्त करणारी, वय ३८ वर्षे, राहणार जुन्या छापखान्याच्या वरचा मजला.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी आईसह राहते व घरूनच काम करते.

तक्रारदार बाई माझ्या गिऱ्हाईक आहेत. त्यांना सगळे ताई म्हणतात. ज्यांच्या दोन पायांची मापे वेगळी असतात अशांसाठी त्या ऑनलाइन बूट विकतात. त्यांच्या धाकट्या भावाचा डावा पाय लहान व अधू आहे. दुकान त्याच्यापायीच सुरू झाले. वेबसाइटही तोच सांभाळत असे. मागील महिन्यात दोघांचे वाजले व तो घर सोडून गेला. कशावरून, ते मी विचारले नाही.

त्याच आठवड्यापासून गिऱ्हाइकांच्या कार्टमधून डावा बूट नाहीसा होऊ लागला. उजवा तेवढा राहायचा. पासवर्ड भावाकडे असल्याने ताईंनी त्याच्याविरुद्ध तक्रार दिली. मला म्हणाल्या, "डावाच का जातो, सांगा ना. मला टोचावं म्हणूनच करतोय तो." डावाच का, हे मलाही कळेना. त्या प्रश्नाने माझी पाठच धरली.

मी वेबसाइटची वेगळी प्रत काढून तिला जोडलेले प्लगइन, म्हणजे छोटे जादा प्रोग्राम, एकेक करून बंद करू लागले. फोटो मोठा दाखवणारा बंद केला, फरक नाही. दोन मापांचा जोड लावणारा बंद केला, तर जोडच घेता येईना. मग ताईंना सांगून मी भावाला फोन केला.

तो दुकानात आला. ताई मांडणीकडे तोंड करून खोकी लावत राहिल्या. ती आधीच लावलेली होती.

मी त्याला त्याच्याच मोबाइलवर स्वतःसाठी जोड घ्यायला सांगितले. या वेळी उजवा बूट गेला, डावा राहिला.

मी विचारले, "काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. मी आधी डावा निवडतो. तोच मिळत नाही ना कुठे."

पानावर उजवा आधी दिसतो, त्यामुळे बाकीचे सगळे आधी उजवा घेतात. म्हणजे डावा जात नव्हता, दुसरा जात होता. मला फार आनंद झाला, पण तो दाखवण्याची ती जागा नव्हती.

चुकून दोनदा घेतलेली वस्तू काढून टाकणारा एक प्लगइन तिथे आहे. तो बंद करताच दोन्ही बूट टिकले. चालू करताच दुसरा गेला. तो आपोआप अपडेट झाला होता. पूर्वी नाव व माप दोन्ही पाहायचा, आता नुसते नाव पाहून दुसरा बूट काढत होता. मी त्याची जुनी आवृत्ती बसवली. भावाने काही बिघडवल्याचे मला आढळले नाही.

नीट झाले का पाहण्यासाठी त्याने पुन्हा जोड घेतला आणि ऑर्डर थेट पुढे नेऊन पत्ताही भरला. ऑर्डर ताईंच्या पडद्यावर आली. तो कुठे राहतो हे त्यांना तोवर ठाऊक नव्हते. त्यांनी पत्ता वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाल्या, "जिना आहे का रे तिथे?"

तो म्हणाला, "आहे. पण कठडा आहे."

त्यानंतर मी माझी पिशवी घेऊन बाहेर पडले. पुढे काय झाले ते मला माहीत नाही.

माझा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून सही करते.