काकूने भरवलेली जत्रा

मंगळवार, कडक ऊन. जानेफळात आलेला टॉवरचा इंजिनिअर माझ्याकडे चहा पिताना म्हणाला, "आठवडाभर गावातला नेटचा वापर मोजू. तो पाहून टॉवर वाढवायचा की नाही ते ठरेल."

शेजारच्या शांताकाकूची पुण्यातली तान्ही नात व्हिडिओ कॉलवर सारखी अडकायची. काकूने गल्लीत फर्मान काढलं, "पोट्टेहो, दिवसभर मोबाईलवर पिक्चर चालू ठेवा. मले नात पाहाची हाये!"

आठवड्याने इंजिनिअरचा फोन आला. "काका, गावात जत्रा आहे का? अचानक एवढा वापर जत्रेतच होतो."

काकूने माझ्या हातातून फोन ओढला. "हाव, लय मोठी जत्रा हाये!"

जत्रांना पाठवतात तसा गाडीवरचा तात्पुरता टॉवर सोमवारी आला. काकूने नात पोटभर पाहिली. शुक्रवारी जत्रा संपली असं धरून गाडी परत गेली.