दत्तोपंतांच्या गाडीचा ब्रेक

पोलादपुरात दत्तोपंतांच्या दुकानातून स्कूटरचे ब्रेक लायनर घेऊन प्रमोदिनी निघालीच होती, तेवढ्यात मागचं रिक्षावालं जोडपं काउंटरशी आलं.

“रिक्षाचं लायनर द्या, शेठ. स्वस्तातलं.”

“अवो, स्वस्तातलं कशाला? रोज घाट उतरायचा हाय, मागं मानसं बसत्यात.”

“मग हे घ्या, वहिनी. टीव्हीवर जाहिरात असते यांची.”

“घाटात जाहिरात थांबवनार हाय काय गाडी? तुमी सोताच्या गाडीला कंचं टाकलंय, शेठ?”

दत्तोपंतांनी चष्मा पुसला. मग खालच्या फळीवरून एक साधा खोका काढला.

“हे. मजबूत आहे, भावही बेताचा. पण नाव नाही ना, कुणी मागतच नाही.”

“आमाला द्या.”

प्रमोदिनीनं पिशवीतला त्याच जाहिरातवाल्या कंपनीचा चकचकीत खोका परत काउंटरवर ठेवला.

“स्कूटरसाठी मीही मागतेय, दत्तोपंत.”