निरोगी यादीतले नत्थूजी

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर सदाशिवराव, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या लीनाताई, प्रयोगशाळेतले माझे सोबती आणि रोहण्याहून सकाळच्या एस.टी.नं मुद्दाम आलेल्या बंधुभगिनींनो,

आधीच्या वक्त्यांनी मला एवढं उंच चढवलंय की उतरायला शिडी लागेल. अच्युत म्हणाला, तीस वर्षांत माणिकरावांच्या हातून रक्ताची एक नळी फुटली नाही. खरं आहे बाबा. नळ्या मी फार जपल्या.

एक्याऐंशी सालचा आपला अभ्यास अनेकांना आठवत असेल. मूत्राशयाच्या कॅन्सरचे रोगी एका यादीत, निरोगी माणसं दुसऱ्या यादीत, आणि दोघांच्या रक्तातलं अ जीवनसत्त्व मोजायचं. ते कमी असलेल्यांना हा रोग जास्त होतो का, एवढाच डॉक्टरसाहेबांचा प्रश्न होता. मी मात्र उजेडानं जीवनसत्त्व बिघडू नये म्हणून पहिली नळी काळ्या कागदात गुंडाळायच्या आधीच उत्तर ठरवून बसलो होतो!

निरोगी माणसं आम्ही रोहण्यातून घेतली. त्यांत नत्थूजी होते. जेवणात अंबाडीची, चवळीची भाजी, अंगणातली पपई, आणि जेवणावर बिडी. त्यांचा आकडा सगळ्यांत वरचा आला. मी पारावर उभं राहून जाहीर केलं, "रक्त असावं तर नत्थूजींसारखं!" गडी असा फुलला, की महिनाभर हातात बिडी अन् तोंडात व्हिटॅमिन.

पुढच्या मे महिन्यात ते प्रयोगशाळेच्या दाराशी आले.

"साहेब, लघवी लाल होऊन राह्यली."

"जळजळ होते?"

"नाई. दुखत काईच नाई."

आता मला सांगा, आपल्याकडच्या मे महिन्यात कुणी असं म्हणालं तर आपण काय म्हणतो? उन्हाळी लागली. मीही तेच म्हणालो. धन्याचं पाणी प्या म्हणालो. पण उन्हाळीत जळजळ होते हो! न दुखता रक्त जातं, तेव्हा तर अधिक घाबरायला हवं. रोग्यांच्या कागदांवर हे मी रोज वाचत होतो. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला कितीसा वेळ लागतो? वर मी त्यांना ऐकवलं, "तुमच्या रक्तात एवढं व्हिटॅमिन, तुम्हाला काय होतंय!" अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणा मी, आणि भोगलं दुसऱ्यानं. खरं सांगू? निरोगी यादीतलं माझं सगळ्यांत चांगलं नाव मला खोडायचं नव्हतं.

दहा महिन्यांनी ते भरती झाले. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?" मी सुई घेऊन खाटेशीच उभा. नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झाले असन पंधरा दिवस." मी तोंड उघडलं नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्यावर ते हळूच म्हणाले, "तुमची यादी खराब झाली ना साहेब, माह्यामुळं?"

मंडळी, मला लाज वाटते. तेव्हा वाटली, आजही वाटते. त्या दिवाळीआधी ते गेले. अध्यक्षमहोदय, तुमच्या कागदावरचे पंधरा दिवस खोटे आहेत. रक्तातला तो आकडा शेकडो माणसांबद्दल काही सांगत असेलही, पण समोर उभ्या असलेल्या एका माणसाचं पोट तो दाखवत नाही. त्यासाठी त्या माणसाचं ऐकावं लागतं.

सहा वर्षं गप्प बसलो, मग आजच का बोलतोय? मघाशी दाराशी नत्थूजींच्या पत्नी भागीरथाबाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्यासारखा देवमाणूस असून यायनं दुखणं अंगावर काढलं, भाऊ. मले बी नाई सांगतलं. घरचे अजून मलेच बोलतात, काऊन ध्यान देल्लं नाई म्हून." मी तिथे नुसता नमस्कार केला आणि आत येऊन बसलो.

आपण माझा मान केलात, गोड बोललात, मी ऋणी आहे. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं ते पोटात घालावं. भागीरथाबाई, तुम्ही मात्र घालू नका. घरी जाऊन सगळ्यांना सांगा, नत्थूजींनी दुखणं अंगावर काढलं नव्हतं. तुम्हाला काही झालेलं नाही, असं मी त्यांना म्हणालो, म्हणून त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. ते वेळेवर आले होते. माझ्याकडे आले होते, आणि मी त्यांना परत पाठवलं.