एका गाठोड्याला दोघी

“काल चादरी आणायला स्टोअरमध्ये एकटीच गेलीस म्हणे! अक्कल गहाण टाकलीस का गं?”

हॉस्पिटलच्या धुलाईघरातली मावशी औषधांच्या रांगेत सोबतच्या तरण्या पोरीवर कडाडली. पुढच्या बाईने मागे न बघता कान टवकारले.

“हळू बोला, मावशी. गाठोडं हलकंच होतं.”

“गाठोड्याचं कोण बोलतंय? त्या स्टोअरकीपरच्या हातांचं बोलतेय. त्याच्याचपायी बारा वर्षं आम्ही एका गाठोड्याला दोघी जातो.”

“बायकांच्या छळावर ट्रेनिंग द्यायला आलेल्या बाईंनी तेच विचारलं, दोघी कशाला? तर तुम्ही म्हणालात, जड असतं.”

“मग साहेबांसमोर काय सांगू? तू मात्र उभी राहून सगळं ओकलीस.”

“तुम्ही रजेवर होतात तेव्हा तक्रार समितीने त्याची चौकशी केली. सातजणी बोलल्या. परवा त्याला कामावरून काढला, मावशी.”

रांग पुढे सरकली, पण पुढची बाई जागची हलली नाही.

“खरंच काढला?”

“माझ्यासमोर किल्ल्या टेबलावर ठेवून गेला.”

“मग ऐक, भवाने. उद्यापासून तुझं गाठोडं तूच उचल. मी नाही येणार. तुम्हा पोरींच्या सोबतीला येऊन येऊन माझी कंबर गेली.”