उपरण्याचं शीट

माझं नाव रंगनाथ, पण त्या नावानं हाक मारली तर मी वळूनबी बघणार न्हाई, रंगू डायवर म्हणा मंग बघा, गावापासून जालन्यापर्यंत रोडवरचे खड्डेसुद्धा ओळख देतात. आमचं गाव गोदावरीच्या अंगाला, घनसावंगीहून अठरा किलोमीटर खाली. मी जल्मलो तव्हा गावात एकच गाडी यायची, यष्टी, तीबी तिच्या मनात आलं तर. बाप सालदार व्हता, मी पाच वर्षांचा असतानाच गेला. मायनं मला कापूस येचून वाढवलं. काय सांगू तुम्हाला ताई, ती एका दिवसात मणभर कापूस येचायची, बाया म्हणायच्या हिच्या एकेका हाताला धा-धा बोटं हायेत, मी मोजली, पाच-पाचच निघाली, पण मी मोजस्तोवर तिनं अजून एक तास येचून टाकला व्हता.

आता तुम्ही काल वही घेऊन माझ्या जीपमधी पुढं बसून आल्या, तुम्हाला वाटलं पाहुण्या म्हणून बसवलं. बिलकुल न्हाई. तुम्ही म्हणल्या मला गाडी लागती, आन् ज्याला उलटी व्हती त्याचा माझ्या गाडीत चौथा नंबर हाय, पहिले तीन काल कोणी नव्हते म्हणून तुम्हाला शीट भेटलं. ते एकच शीट खरं, डावीकडचं, दाराजवळचं, तिथंच माणसाला पाय सरळ करता येतो. बाकी गाडी कागदावर नऊ माणसांची, मी बावीस भरतो, रामनवमीला जांबला, समर्थांच्या गावाला, जायचं असलं तर एकतीस भरलेत, आन् त्यातला एकजण टपावर झोपला व्हता. पण बावीस माणसात ते एक शीट कोणाला द्यायचं, हे कलेक्टरला जमणार न्हाई, मला जमतं. कामून जमतं ते सांगतो.

मी वीस वर्षांचा व्हतो. माय कापसाच्या बैलगाडीवरून पडली आन् मांडीचं हाड मोडलं. गावातल्या म्हाताऱ्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या आन् बजावलं, जालन्याला जाईस्तोवर पाय वाकू देऊ नको. तव्हा गावातून एकच जीप सुटायची, करीमचाचाची. मी पहाटंच जाऊन पुढच्या शिटावर माझा टावेल टाकला आन् मायला आणायला घरी गेलो. बाजंवर घालून चौघांनी आणली, तर तिथं आबासाहेब उभे.

आबा म्हंजे गावातला मोठा माणूस, दोन विहिरींचा, मिशीला कलप लावणारा, खांद्यावर पांढरं उपरणं, लाल काठाचं. त्यानं माझा टावेल काठीच्या टोकावर उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा, बोनेटवर फेकला आन् शिटावर आपलं उपरणं हातरलं. म्हणला, आमचे व्याही घनसावंगीला बसणार हायेत, जागा धरून न्या. मी हात जोडले, म्हणलं आबा, व्याही घनसावंगीला बसणार, तिथपर्यंत तर मायला बसू द्या, तिथं उठवतो. तर म्हणला, बसलेला माणूस उठत न्हाई. आन् चहा प्यायला घरी निघून गेला. करीमचाचा माझ्याकडं बघंना. बेटा, उसका उपरना है, मैं कैसा हटाऊं, येवढंच म्हणला.

मंग माय मागं बसली. मागं अकरा माणसं, मिरच्याचं पोतं आन् एक स्टेपनी, त्या स्टेपनीला टेकून तिचा पाय दुमडला. मी मागच्या पायरीवर लटकून तिला धरलं व्हतं, आन् मधल्या जाळीतून मला पुढचं शीट दिसत व्हतं. ताई, त्या शिटावर उपरणं एकटंच बसलं व्हतं. वाऱ्यानं हालायचं, जरा इकडं बघायचं, जरा तिकडं बघायचं, लोकांचे ऊस बघत बघत चाललं व्हतं. अठरा किलोमीटर माझी माय मिरच्याच्या खकाण्यात ओठ चावत व्हती आन् कापडाला वारा लागत व्हता.

घनसावंगीला व्याही आलेच न्हाईत. ते आदल्या दिवशीच यष्टीनं गेल्ते. करीमचाचा म्हणला, अब बिठा दे अम्मा को. मी उचलायला गेलो तर माय अशी वरडली की स्टँडवरची कबुतरं उडाली ती तीन दिवस परत आली न्हाईत. हाड सरकलं व्हतं. तिला हालवताच येईना, आन् उपरणं तसंच जालन्यापर्यंत गेलं, ऐसपैस, जालना पाहून आलं. डॉक्टरनं सांगितलं, रस्त्यात हाड सरकलंय, बसंल पण आखूड बसंल. पाय चार बोटं आखूड झाला. तेव्हापासून माय चालती तव्हा मला ते चार बोटं मोजू येतात.

मी ठरवलं, जीप घ्यायची, आन् जीपसाठी न्हाई, त्या एका शिटासाठी. करीमचाच्याकडं सात वर्षं किन्नर म्हणून, म्हंजे गाडी धुवायला आन् भाडं गोळा करायला राहिलो, डायवरकी शिकलो, शेवटी त्यानंच थकून गाडी माझ्या हवाली केली. म्हणला, मेरे से नहीं हुआ, तू करना. मी पहिल्या दिवशी पेंटर बोलावला आन् समोरच्या काचंवर लिहून घेतलं, पुढच्या शिटाला पहिला नंबर दिवस भरलेली बाई, दुसरा मोडलेलं हाड, तिसरा गाडीतल्या म्हाताऱ्यात वयानं सगळ्यात मोठा माणूस, चौथा उलटीवाला. आन् त्याच्या खाली लाल अक्षरात, उपरण्याला, पिशवीला, रुमालाला शीट न्हाई.

आठ दिवसांनी आबा आला. त्याचं पोरगं गाडी घेऊन पुण्याला जाऊन बसलेलं, मोटरसायकलवर मागं बसला की आबाला झोप लागायची आन् दोनदा पडला व्हता, म्हणून त्याला माझ्याबिगर वाट नव्हती. काच वाचली न वाचल्यासारखी केली आन् शिटावर उपरणं टाकून तंबाखू आणायला गेला. मी ते उचललं, नीट घडी घातली, आन् टपावर शीट दिलं. टपावर त्या दिवशी एक बकरी व्हती. घनसावंगीपर्यंत अर्धं उपरणं बकरीच्या पोटात. लोक म्हणतात ती बकरी पुढं कोणाच्या हाकंला उठायचीच न्हाई. उरलेलं अर्धं मी काच पुसायला ठिवलं.

मंग बारा वर्षं मी त्याला मागं बसवलं, त्याच स्टेपनीजवळ, गुडघे हनुवटीला लावून. तुम्ही म्हणाल तिसऱ्या नंबरानं तर म्हाताऱ्याला पुढचं शीट भेटायला पाहिजे. बराबर. म्हणून ज्या दिवशी आबा जालन्याला निघायचा, त्या दिवशी मी गावात फिरून त्याच्याहून मोठं माणूस हुडकून आणायचो. एक नव्वदीची म्हातारी तर मी जांबच्या देवळाला येवढ्यांदा फुकट नेली की पुजारी मला इचारायला लागला, तुमचा काही नवस हाय का. म्हणलं हाय, फिटून राह्यलाय हळूहळू.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. मायच्या डोळ्यात मोतीबिंदू, तिला दाखवायला न्यायचं व्हतं. गाडीत वयानं तीच मोठी, कधी नव्हं ते माझी माय पुढच्या शिटावर बसलेली, आखूड पाय लांब करून, देवीवानी. मी गाडी चालू करणार तर समोरून बाज आली. चौघांच्या खांद्यावर आबा. न्हाणीत पाय घसरून मांडीचं हाड मोडलं व्हतं. अँबुलन्स दुसऱ्या गावाला गेल्ती, यायला दोन घंटे लागतील म्हणे. मिशीचा कलप उतरून गेल्ता, तोंड पांढरंफटक. मला म्हणला, रंगनाथ. आख्ख्या जिंदगीत पहिल्यांदा त्यानं पुरं नाव घेतलं.

सगळी गाडी माझ्या तोंडाकडं बघून राह्यली. ताई, खोटं कामून बोलू, वीस वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस चालत न्हाई, बाजंवर झोपून आल्ता. मी खाली उतरलो, त्याच्याजवळ वाकलो आन् म्हणलं, बसलेला माणूस उठत न्हाई, आबा.

त्याला आठवलं. मला दिसलं त्याला आठवलेलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मायनं काचंवर टकटक केलं. तिला अक्षर वळखू येत न्हाई, पण कोणत्या नंबरला काय लिवलंय ते तिला पाठ हाय. म्हणली, रंग्या, दोन नंबरला काय लिवलंय, मोठ्यानं वाच. मी म्हणलं माय, तू गप बस. तर म्हणली, वाच, न्हाईतर पुस ते सगळं आन् तुझं उपरणं टाक हितं.

मी वाचलं. मोडलेलं हाड.

माय उतरली. चार बोटं आखूड पाय टाकत गाडीला वळसा घालून मागं गेली, स्टेपनीला टेकून बसली, जिथं तव्हा बसली व्हती तिथंच. आबाला आम्ही पुढं बसवलं, पाय सरळ, खाली उशी. आन् मी गाडी हळू चालवली, लय हळू, बैलगाड्या पुढं निघून जात व्हत्या. लोकांना वाटलं रंगू किती जपून नेऊन राह्यला. जपून तर नेतच व्हतो, पण तो रस्ता मला जेवढा लांबवता आला तेवढा लांबवला. काचंवर धुळीचा कण नव्हता, तरी मी ते लाल काठाचं फडकं काढलं आन् काच पुसली. पुन्हा पुसली. आबा त्या काठाकडं बघत राहिला.

घनसावंगी मागं गेली आन् मागून मायचा आवाज आला, जाळीतून, घरातल्या माणसाला इचारावं असा. आबा, पाय सरळ ठिवता आला का?

 आबाचं तोंड घामानं भिजलं का डोळ्यानं, ते मी बघितलं न्हाई, मी रोडकडं बघत व्हतो. फडकं त्याच्या हातात दिलं. म्हणलं, घ्या, तुमचंच हाय. त्यानं घेतलं आन् जालन्यापर्यंत मांडीवर धरून बसला. तोंड पुसलं न्हाई.

आता तुम्हाला वाटंल झाला हिशेब पुरा. कुठं झाला. त्याचं हाड सरळ बसलं. काठीबिगर चालतो, टकाटका, आन् माझी माय अजून वाकत चालती. माझ्याच नियमानं त्याचा पाय वाचवला, ह्याची आग माझ्या पोटात अजून हाय. मी आग लपवत न्हाई.

पण परवा मजा झाली. दोघंबी जालन्याला निघाले. आबा म्हणला, आता हाड जुळलं, दोन नंबर न्हाई मागत, पण वयानं मी तुझ्या मायहून मोठा, तिसरा नंबर माझा. उपरणं नव्हतं खांद्यावर, कायदा व्हता तोंडात. मी म्हणलं बराबर हाय, नियम म्हंजे नियम, काढा आधार कार्ड. दोघांचीबी जल्मतारीख एक जून, आमच्याकडं सगळं गावच एक जूनला जल्मलंय. पण साल बघितलं तर आबा मायहून सहा वर्षांनी लहान. कलपाच्या मिशीला शोभावं म्हणून त्यानं कार्ड काढताना वय कमी सांगितलं व्हतं. गाडीतली माणसं येवढी हासली की टायरमधली हवा कमी झाली.

गेला मागं, स्टेपनीजवळ. माय पुढं बसली, पाय लांब केला.

मी त्याचं वाईट चितत न्हाई, ताई, तुम्ही लिहून घ्या. देवानं आबाला शंभर वर्षं द्यावीत, सव्वाशे द्यावीत, हाडं लोखंडाची करावीत आन् दर आठवड्याला जालन्याला काम काढावं. तो कितीबी म्हातारा होऊ द्या, माझी माय त्याच्या सहा वर्षं पुढंच बसणार हाय.