पाळण्यातली टाकी

माझं माहेर लांज्याच्या आत, जिथे एस्टी वळून परत फिरते तिथून पुढे दोन मैल चालायचं, म्हणजे बघा, सुखाचं काय असेल ते एस्टीच्या आधीच संपलेलं. बापूस मुंबईला गिरणीत, आई नि आम्ही चार भावंडं गावाला, भात लावा, नाचणी काढा, अंगण सारवा, त्यातून मी चौथीपर्यंत शिकल्ये हेच नवल. सतराव्या वर्षी इथे रत्नागिरीत दिली. स्थळ घेऊन आला तो मामा म्हणाला मुलगा पत्र्याचं काम करतो, मला वाटलं घरावर पत्रे घालत असेल, तर इथे येऊन बघत्ये तो पडवीभर नरसाळी, चाळण्या, चिमण्या, रॉकेलचे डबे, नि त्यांच्यामधे हे बसलेले, कोळशावर तांब्याची डागणी तापवून सांधे जोडायला कथलाचा डाग देत. नवसागराचा धूर असा की पहिला महिनाभर मी खोकतच होत्ये, सासूबाईंना वाटलं सून आजारीच गळ्यात मारली.

माणूस वाईट नाय हो, आधीच सांगत्ये, नायतर तुम्ही भलतंच लिहाल. दारू नाय, हात उगारणं नाय. बोलणं कमी. पत्रा कापताना मी काय विचारलं तर कापून होईपर्यंत उत्तर नाय, तोवर मी काय विचारलं ते मीच विसरून जात्ये.

मंगल झाली ती लग्नाला सहा वर्षं झाल्यावर. माझ्या भावाने फणसाच्या लाकडाचा पाळणा करून घेतला नि एस्टीच्या टपावरून आणला. ती अडीच वर्षांची होती तेव्हा ह्यांना हर्णैला बोलावणं आलं, तिथल्या बोटवाल्यांना डिझेलचे डबे नि मोठी नरसाळी करून हवी होती, आठ दिवसांचं काम. हे गेले नि तिसऱ्या दिवशी पोरीला जुलाब नि उलट्या सुरू झाल्या. मी सरकारी दवाखान्यात नेली. दापोलीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे निरोप दिला, त्याने दापोलीत कोणाकडे दिला, तिथून तो हर्णैला कधी पोचला देव जाणे. दोन दिवस ती होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. हे आले तेव्हा तिला पुरून माणसं आंघोळी करून परत आली होती. हे दारात उभे, हातात पिशवी, फक्त एवढंच विचारलं, कुठे. शेजारचे बापू त्यांना घेऊन गेले. परत आले नि दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत कामाला बसले.

तेव्हापासून नऊ वर्षं ह्या माणसाने तिचं नाव घेतलं नाय. कशी गेली, पाणी मागितलं का, काय म्हणाली, एक शब्द विचारला नाय. जेवण झाकून ठेवावं तसं मी ते सगळं त्यांच्यासाठी ठेवलं होतं हो, नि ते जेवायलाच बसले नायत. दुसरं मूल झालं नाय. लोक मला बिचारी म्हणायचे, ते मला अजिबात आवडायचं नाय. मला कोणाची कीव नको होती, मला ह्यांनी एकदा विचारायला हवं होतं, बस.

मग चार-पाच वर्षांमागे ते सुभेदार आले. देवरुखाकडचे, सत्तरीच्या पुढचे, पण पाठ अशी ताठ की आमची खुर्ची त्यांच्यापुढे वाकडी दिसायला लागली. गोणपाटात गुंडाळून फटफटीची टाकी आणलेली. म्हणाले कंडक्टर गाडीत घेईना, वास येतो म्हणाला, मी म्हटलं बाबा रे, वीस वर्सं झाली हिच्यात प्याट्रोल नाय, वास माझ्या डोक्यात आसल. मोठ्या लढाईत ते असल्याच फटफटीवरून निरोप पोचवायचं काम करायचे, वाळवंटात. परत आल्यावर पुण्याकडे लष्कराच्या लिलावात तसलीच एक मिळाली ती घेतली, पुष्कळ वर्षं फिरवली, नि मग ती गोठ्यात पडली. आता एका मेकॅनिकने इंजिन चालू करून दिलं होतं, पण टाकी सगळी गंजलेली, नि तो म्हणे दुसऱ्या गाडीची बसवा. सुभेदार म्हणाले दुसऱ्याची नको, हीच नीट करा, बहीन मालगुंडास दिलेली हाय, तिच्याकडं एकदा हिच्यावरनं जायचंय, मंग गाडी बी बसली नि मी बी बसलो.

आमच्या ह्यांनी टाकीच्या तोंडाला नाक लावलं, आत बघितलं, म्हणाले बघतो. ते बघतो म्हणाले म्हणजे करणार.

आधी कढत पाण्यात सोडा घालून कितीदा धुतली, वास जाईपर्यंत, कारण पेट्रोलचा अंश राहिला नि डागणी टेकवली तर माणूसच उडायचा. तरी आत गंजाच्या खपल्या तशाच. हे म्हणाले आत रेव घालून काहीतरी आंबट ओतायचं नि खळखळ हलवायची, दिवसच्या दिवस. पण आदल्या वर्षी पन्हळ बसवताना शिडीवरून पडून ह्यांचा खांदा गेलेला, ह्यांच्याने ताटसुद्धा वर उचलायचं नाय. मी म्हटलं आंबट माझं, आपण तांब्या-पितळेला आमसुलंच लावतो ना, मग लोखंडाने काय पाप केलंय. सुपलीभर आमसुलं उकळली, व्हाळातली, म्हणजे ओढ्यातली, रेव धुऊन आणली, टाकीत भरली, ह्यांनी लाकडाचा दट्ट्या करून तोंड बंद केलं. नि मी मांडीवर घेऊन हलवायला बसल्ये. दुसऱ्या दिवशी मांड्या काळ्यानिळ्या, उठता येईना.

तिसऱ्या दिवशी हे कोळसा आणायला बाजारात गेले तेव्हा मी माळ्यावरून पाळणा काढला. कोणाला विचारलं नाय. धूळ पुसली, मधल्या वाश्याला टांगला, टाकी आत ठेवली नि झोका दिला. रेव आतून खळखळ करायला लागली. हे आले, दारातच थांबले. कोळशाचं पोतं खाली ठेवलं नि तसेच बाहेर गेले, जेवायला पण आले नायत. मला वाटलं आता हा माणूस काय माझ्याशी जन्मात बोलत नाय. तिन्हीसांजेला आले. बघितलं तर टाकी एका अंगाला कलंडत होती. गोधडीची घडी करून तिच्या खाली सारली, दोरीची गाठ सोडून नीट बांधली, नि दोरी माझ्या हातात दिली.

आठ दिवस मी टाकीला झोके दिले. शेजारची काशी येऊन म्हणाली अगो हे काय करत्येस, रिकामा पाळणा हलवू नये. मी म्हटलं रिकामा कुठे आहे. ती बघून गेली नि गावभर झालं की डबेवाल्याची बायको बिघडली. बिघडू दे म्हटलं. एक सांगत्ये तुम्हाला, पहिले दोन दिवस माझ्या तोंडून आवाज फुटला नाय, तिसऱ्या दिवशी मी गुणगुणायला लागल्ये नि माझं मलाच कळलं नाय. पडवीत ह्यांचा हातोडा थांबला. मग परत सुरू झाला.

रोज ओतलं की पाणी चिऱ्याच्या मातीसारखं लाल. शेवटी स्वच्छ आलं. आत बघितलं तर पत्रा लखलखीत. मला एवढा आनंद झाला, नि ह्यांनी साधं पाणी भरून बघितलं तर टाकी जागजागी पाझरायला लागली. हे म्हणाले गंजच भोकं धरून होता, आपण तोच काढला. मी चिडल्ये, म्हटलं आठ दिवस माझे हात मोडले ते चाळण करायला काय. तर म्हणाले इथे कळलं ते बरं, रस्त्यात कळलं असतं तर म्हातारा जळाला असता.

भोकं बारीक, डोळ्यांना दिसायची नायत. म्हणून भरदुपारी मधल्या खोलीची दारं-खिडक्या लावून काळोख केला, बॅटरीचा बल्ब वायरीला बांधून तोंडातून आत सोडला. मी वायर धरून फिरवायची, जिथून उजेड येईल तिथे ह्यांनी खडूने खूण करायची. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. बराच वेळ खडूचाच आवाज. नि मग त्या काळोखात हे म्हणाले, मंगलने मला हाक मारली होती काय गो.

नऊ वर्षं मी ह्याची वाट बघितली हो. सगळं तोंडात तयार होतं. दोन दिवस ती दुसरं काय बोललीच नव्हती, बाबा कुठे, बाबा कधी येणार, दार वाजलं की मान वळवायची, नि शेवटी शेवटी तर तपासायला आलेल्या डॉक्टरांचं बोट धरलं नि त्यांनाच बाबा म्हणाली. हे मी सांगणार होत्ये. नि माझ्या तोंडून आलं, नाय, तिला ग्लानीच होती, तिला कोणाची ओळखच नव्हती, झोपेतच गेली.

खडू परत पत्र्यावर फिरायला लागला. मग म्हणाले वायच इकडे फिरव, इथे अजून एक आहे. आवाज भिजलेला. मी रडत होत्ये, पण हूं का चूं केलं नाय, वायर तेवढी घट्ट धरून ठेवली.

मग त्यांनी एकेक भोक डाग देऊन बुजवलं, दोन ठिकाणी पत्र्याचा तुकडा लावला, रात्रभर पाणी भरून ठेवलं, जमीन कोरडी राहिली. सुभेदारांनी लष्करी हिरवा रंग घरी स्वतः दिला म्हणे. ती फटफटी मी कधी बघितलीच नाय. त्यांच्या सुनेचं कार्ड आलं, मालगुंडला जाऊन आले, टाकी थेंबभर गळली नाय. मीच वाचून दाखवलं ह्यांना, हे हसले.

आता कोणी टिनाचं काय घेत नाय, सगळं प्लास्टिकचं झालं, हे नुसते पडवीत बसतात. पण बोलतात. मंगलबद्दल तर येईल त्याला सांगतात, आमची मुलगी गेली, पण बरं झालं, वाट बघत नव्हती माझी, झोपेत गेली. नि मी आत भाजी चिरता चिरता हो म्हणत्ये. त्यांचं मन हलकं झालं, देवाने तेवढं तरी दिलं, मी तक्रार करत नाय. माझं आता मलाच वाहायचं.

तुम्ही लिहिताय ते छापा, खुशाल छापा, ह्यांना वाचता येत नाय. पण कोणी कौतुकाने वाचून दाखवायला बसलं, तर ती बाबा कुठे विचारायची, एवढं तेवढ्यापुरतं गाळून वाचा म्हणावं. आता वही मिटा, हे आलेच बघा.